दुसरी बॅच

आमच्या कॉलेजात भूगोलाचं वेळापत्रक मी लावते. गेली बारा वर्षं लावते आहे. त्यात एक रकाना विभागप्रमुख सरांचा असतो, दुसरा विभागातल्या दुसऱ्या कायम प्राध्यापकांचा, आणि तिसऱ्या रकान्याच्या डोक्यावर मी स्वतःच्या हाताने नुसतं ‘तासिका’ असं लिहिते. तिथे माझं नाव घालायचं नाही, कारण जूनमध्ये मी कॉलेजची कोणीच नसते. उन्हाळ्यात माझी नेमणूक संपते आणि पुन्हा मुलाखत होऊन ऑर्डर निघेपर्यंत मी सवयीने येणारी एक बाई असते. तरी नव्या सेमिस्टरची तयारी मीच करायची असते. प्रयोगशाळेच्या किल्ल्याही माझ्याच पर्समध्ये असतात.

तासिका तत्त्व म्हणजे जितके तास शिकवाल तितकंच तुम्ही कॉलेजचे. दरवर्षी नवा अर्ज, नव्या झेरॉक्स, नवी मुलाखत. ज्या सरांनी बारा वर्षं माझ्या डब्यातली मेथीची भाजी वाटून खाल्ली, ते त्या दिवशी टेबलापलीकडून मला विचारतात, “आपला परिचय द्या.” मी देते. “भूगोलच का निवडलात?” तेही सांगते. बाहेरून आलेले तज्ज्ञ मान डोलावतात. संध्याकाळी सरांचा फोन येतो, “मुलाखत चांगली झाली हं.” पहिली काही वर्षं मला याचं हसू यायचं. आता येत नाही.

घरी याबद्दल कुणी वाईट बोलत नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल माझा छळ होतो. नवरा अंबडच्या एका कंपनीत आहे, सरळ माणूस. जून उजाडला की चहा पिता पिता विचारतो, “ऑर्डर आली का गं?” मी नाही म्हणते. मग तो म्हणतो, “नाही आली तरी काय अडतंय? घरी बस आरामात.” सासूबाई पण म्हणतात, “दगदग तरी किती करायची बाई.” दोघांच्याही मनात माया असते आणि मला मात्र त्या मायेचा राग येतो. पीएचडी करताना मुलगी पाळण्यात होती. एका हाताने पाळण्याची दोरी ओढत मी गिरणा खोऱ्यातल्या पावसाचे तक्ते भरले. ते सगळं चव्वेचाळिसाव्या वर्षी घरी आरामात बसण्यासाठी केलं नव्हतं. मला घरी बसायचं नव्हतं, एवढीच गोष्ट आहे. यात थोर काही नाही, आणि पुढे जे झालं त्याला हे कारण पुरेसंही नाही.

आता बॅचचं सांगायला हवं. भूगोलाला प्रात्यक्षिकं असतात. एका बॅचमध्ये किती मुलं बसवायची याचा आकडा ठरलेला आहे. वर्गात त्या आकड्यापेक्षा एक जरी मूल जास्त झालं, तर दुसरी बॅच करावी लागते. दुसरी बॅच म्हणजे जास्तीचे तास, आणि ते तास माझे. दुसरी बॅच नसली, तर उरलेलं काम दोघं कायम प्राध्यापक आपसांत वाटून घेऊ शकतात. मग तिसरा रकानाच लागत नाही.

मुलं दरवर्षी कमी होताहेत. बी.ए. करून काय होतं, हे त्यांना आमच्याआधी कळलंय. मी आठवडाभर यादी घेऊन एकेकाला फोन लावले. एक जण देवळाली कॅम्पात मामाकडे राहून सैन्यभरतीसाठी पळत होता. सायखेड्याचा एक म्हणाला, “मॅडम, टोमॅटोची लागण चालू हे, उरकली का येतो,” आणि नंतर त्याने फोन उचलणं सोडलं. शेवटी तिसऱ्या वर्षाच्या यादीवर मी बोट फिरवत मोजलं. ठरलेल्या आकड्याच्या वर बरोबर एक नाव होतं. मी दोनदा मोजलं, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात काळारामाला हात जोडले.

सोमवारी सकाळी त्या यादीतली एक मुलगी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. पेठच्याही पुढे, डोंगरातल्या एका पाड्यावरची. दोन वर्षं आमच्या वर्गात होती, आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहायची. नकाशावरच्या समोच्च रेषा शिकवताना दरवर्षी माझा घसा बसतो. सपाट कागदावर चढ कुठे आणि उतार कुठे, हे पोरांना दिसतच नाही. हिला पहिल्याच दिवशी दिसलं. रेषांवर बोट ठेवून म्हणाली होती, “इथनं चढलं तर दम लागंल मॅडम, तिकडनं सोपं हाय.” बारा वर्षांत अशी विद्यार्थिनी मला दुसरी मिळाली नाही.

तिच्या हातात ‘नो ड्यूज’चा कागद होता. कॉलेज सोडायचं तर दाखला लागतो, आणि दाखल्याआधी ग्रंथालय, जिमखाना, वसतिगृह, विभाग अशा सगळ्यांनी या कागदावर ‘काही बाकी नाही’ म्हणून सही करायची असते. विभागाची मुख्य सही सरांची. पण त्याआधी कोपऱ्यात माझी बारीक सही लागते, कारण रजिस्टर मी ठेवते.

“मॅडम, माझं नर्सिंगला नाव लागलं,” ती म्हणाली. “सरकारी हाय. इथंच नाशकात. शनिवारी तीन वाजेपर्यंत दाखला जमा करायचा हाय. बाकीच्या समद्या सह्या झाल्या.”

मला आधी आनंद झाला की आधी यादीतला आकडा आठवला, हे मी अजून नक्की सांगू शकत नाही. बहुतेक आकडाच.

मी रजिस्टर उघडलं. तिच्या नावापुढे एक नकाशा दिलेला होता, पेठ भागाचा, आणि परत केल्याची खूण नव्हती. दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने तो नेला होता. पाड्यावरच्या झऱ्यांवर तिने प्रकल्प केला होता. ती म्हणाली, “दिला होता मॅडम. परीक्षेच्या आधी. तुमच्याच हातात दिला.” मी म्हणाले, “नोंद नाही ना पण. शोधते मी.” त्या दिवशी तरी यात खोटं काही नव्हतं.

ती गेल्यावर मी सरांना सांगितलं. सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “मॅडम, वर्कलोडचा तक्ता आणि सोबत विद्यार्थ्यांचा पट शुक्रवारी ऑफिसला जातोय. तोपर्यंत नकाशा सापडायची घाई करू नका. शुक्रवारी दुपारी सही करू, शनिवारी सकाळी तिच्या हातात दाखला. तिचंही अडत नाही, तुमचंही.” सापही मरावा आणि काठीही मोडू नये, असा तो बेत होता. सर वाईट माणूस नाहीत. बारा वर्षांत त्यांनी माझ्यासाठी एवढं उघडपणे काही केलं नव्हतं, आणि मला त्याचं बरंच वाटलं. मी ‘बरं’ म्हणाले.

मंगळवारी मी नकाशे काढले. दरवर्षी सेमिस्टरच्या आधी हे काम असतं. लोखंडी कपाटातून सगळ्या गुंडाळ्या काढायच्या, झटकायच्या, डांबरगोळ्या बदलायच्या, कुठे वाळवी लागली का बघायचं. होकायंत्रं मोजायची. ट्रेसिंगच्या टेबलाखालचे बल्ब पेटतात का पाहायचं. शिपाईमामा आधीच म्हणाले होते, “मॅडम, तुमची ऑर्डर येऊ द्या, मग करू की.” मी एकटीच करत बसले. इगतपुरीकडच्या नकाशाची गुंडाळी जरा जाड लागली म्हणून उलगडली, तर आत पेठचा नकाशा होता.

तेव्हा सगळं आठवलं. परीक्षेच्या धांदलीत ती आली होती, नकाशा माझ्या हातात दिला होता, आणि त्याच वेळी घरून फोन आला होता की सासूबाईंची साखर एकदम उतरलीये. मी हातातलं सगळं एकात एक गुंडाळून कपाटात कोंबलं आणि पळाले. रजिस्टरवर खूण करायची राहिली. चूक शंभर टक्के माझी होती, मुलीची तसूभरही नव्हती.

मी त्या नकाशाकडे बराच वेळ बघत बसले. फोन उचलून तिला सांगायला एक मिनिट लागलं असतं. मी तो पुन्हा इगतपुरीच्या आत ठेवला, गुंडाळी केली, दोरी बांधली आणि कपाटात मागच्या बाजूला सरकवली. आयुष्यात मी कुणाच्या वाळल्या पाचोळ्यावरही पाय दिला नाही असं मला वाटायचं. इतक्या सहज आपल्याला हे जमतं, याची मला भीती वाटली. तरी दोरी मी सोडली नाही.

बुधवारी ती पुन्हा आली, आईला घेऊन. पहाटे पाड्यावरून चालत खाली उतरून, मग पेठची एसटी धरून. आई नागलीची लावणी तशीच टाकून आली होती. तिने प्रयोगशाळेच्या बाहेर चपला काढल्या. मी दोनदा म्हटलं की राहू द्या, तरी काढल्याच. मग दाराला धरून म्हणाली, “मॅडम, पोरीनं हरवला असंल तर आमी दुसरा आनून देऊ. कुठं भेटतो त्यो?”

मी म्हणाले, “अहो तसं काही नाही. बघते मी. शुक्रवारपर्यंत सापडेल.” हरवलेली वस्तू कोणत्या वारी सापडणार हे आधीच सांगणारी बाई जगात मी पहिलीच असेन. पण त्या दोघींना त्यात काही खटकलं नाही. मॅडम म्हणताहेत म्हणजे सापडणार. आईने मला वाकून नमस्कार केला, मी पाय मागे घेतले, आणि त्या परतीच्या एसटीसाठी निघून गेल्या. मी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

गुरुवारी वेळापत्रक पुरं केलं. दोन्ही बॅचेस घालून. सरांना सोमवारी पहिला तास नको असतो, दुसऱ्या प्राध्यापकांना दुपारी चारनंतर थांबायचं नसतं, सभागृह वाणिज्यवाल्यांना लागतं. हे सगळं सांभाळून उरलेल्या फटींत मी मला बसवते. या वर्षी ते इतकं नीट बसलं की एकही तास एकमेकांवर चढला नाही. मी दोनदा कपाटापर्यंत उठून गेले. दोन्ही वेळा स्वतःला सांगितलं, एका दिवसाचाच तर प्रश्न आहे, तिचं काय नुकसान होणार आहे. जिच्या मनात हे प्रश्न उठतात तिला उत्तर माहीत असतं. मला होतं.

शुक्रवारी दुपारी साडेबाराला तक्ता आणि पट ऑफिसात गेला. एक वाजता नकाशा सापडला. सर म्हणाले, “अरे वा, मिळाला का?” मी म्हणाले, “हो, दुसऱ्या नकाशात अडकला होता.” खोलीत आम्ही दोघंच होतो, तरी एकमेकांसमोर हे नाटक केलं. त्यांनी सही केली, मी केली. कागद मी स्वतः ऑफिसात नेऊन दिला आणि तिला फोन लावला. “उद्या सकाळी ये, दाखला तयार असेल.” ती म्हणाली, “लय उपकार झाले मॅडम.”

शनिवारी ती आठ वाजताच आली. दाखला खरंच तयार होता, टाइप करून, शिक्का मारून. फक्त प्राचार्यांची सही नव्हती. प्राचार्य शुक्रवारी सकाळीच बाहेरगावी बैठकीला गेले होते, सोमवारी यायचे होते. गुरुवारपर्यंत ते रोज आपल्या खुर्चीत होते. सोमवारी होते, मंगळवारी होते, बुधवारी तिची आई बाहेर अनवाणी उभी होती तेव्हाही होते. ज्यांच्याकडे त्यांनी कारभार सोपवला होता ते म्हणाले, “दाखल्यावर सही करायचं मला लेखी दिलेलं नाही मॅडम. उद्या काही झालं तर?” मी हात जोडले. सरांनी फोनवर फोन केले. प्राचार्यांचा फोन बंद लागत होता. तुम्ही स्वतः अजून नेमणुकीत नाही आहात, असंही ते सद्‌गृहस्थ मला हळूच म्हणाले.

दीड वाजता मी तिला स्कूटीवर मागे बसवलं आणि नर्सिंगच्या ऑफिसात घेऊन गेले. द्वारकेच्या चौकात नेहमीसारखी कोंडी होती. ती मागून म्हणाली, “सावकाश चालवा मॅडम, अजून टाइम हाय.” खिडकीतल्या बाईंना मी सगळं समजावलं, सही नसलेला दाखला दाखवला, सोमवारी आणून देते म्हणाले, माझं ओळखपत्र दाखवलं, ते गेल्या वर्षीचं होतं. बाई थकलेल्या होत्या, उर्मट नव्हत्या. म्हणाल्या, “मॅडम, तीनला यादी बंद करून पुढच्या मुलीला बोलवावं लागतं. आणि आठवडाभर वेळ होता ना तुमच्याकडे.”

ती मुलगी मध्ये पडली. “मॅडमनी केली होती सही,” ती म्हणाली, “आमच्या ऑफिसनंच उशीर केला.” ती माझी बाजू घेत होती. आणि मी ती घेऊ दिली.

तीन वाजून गेल्यावर आम्ही बाहेर आलो. ती रडली नाही. रडली असती तर मला काही करता आलं असतं, पाणी देता आलं असतं, पाठीवर हात ठेवता आला असता. तिने घरी फोन लावला, लागला नाही, मग शेजारच्यांच्या नंबरवर लावला आणि म्हणाली, “आयेला सांग, नाय झालं.” मी तिला सीबीएसला सोडलं. एसटी सुटेपर्यंत थांबले. खिडकीतून तिने मला हात केला.

सोमवारी प्राचार्यांनी आल्या आल्या सही केली. क्लार्कने मला बोलावून विचारलं, “मॅडम, त्या मुलीचा दाखला आता काय करू, रद्द करू का?” तिनेच तसं फोनवर सांगितलं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरता येईल का, मी तिला फोन करून विचारलं तर म्हणाली, घरचे आता दोन ठिकाणी पाठवायला तयार नाहीत, आहे ते पुरं कर म्हणतात. क्लार्कने दाखल्यावर आडवी रेघ मारली. शुक्रवारी आम्ही जो पट पाठवला होता, त्यात तिचं नाव होतं. तेव्हा ते खोटं होतं. आता खरं झालं.

पुढच्या आठवड्यात मुलाखत झाली. सरांनी परिचय विचारला, मी दिला. तास मिळाले. घरी सांगितलं तर नवऱ्याने येताना पेढे आणले आणि सासूबाईंनी देवापुढे ठेवले. मला म्हणाल्या, “चला, सुटलीस एकदाची.” मी एक पेढा खाल्ला. तो खाताना मला किळस आली, पेढ्याची नव्हे. हे मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, तू मुद्दाम थोडंच केलंस, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. मी मुद्दामच केलं होतं.

दुसऱ्या बॅचचं पहिलं प्रात्यक्षिक झालं. हजेरीच्या क्रमाने यादी अर्धी कापतो, त्यामुळे ती माझ्याच बॅचमध्ये आली. मी वर्गात शिरले तेव्हा तिने टेबलं पुसून ठेवली होती. तिने वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि उताराचे छेद इतके सुरेख काढले की मी ते इतरांना दाखवले. तिच्या चेहऱ्याकडे मात्र मला बघता आलं नाही. मी सगळा वेळ तिच्या हातांकडे बघत शिकवलं. मला तिला सांगायचं होतं. पोरी, तो नकाशा मंगळवारीच सापडला होता, मी लपवला. वाक्य तयार होतं, चार-पाच दिवस मी ते तोंडात घोळवत होते. पण सांगितलं असतं तर तिचं काही परत येणार नव्हतं आणि माझं जे वाचलं होतं ते गेलं असतं. म्हणून नाही सांगितलं. हे कारणसुद्धा मी सोयीने शोधलेलं आहे. खरी गोष्ट अशी की मी भ्याले.

तास संपल्यावर बाकीची मुलं गेली. ती मागे राहिली. मला वाटलं, आता विचारणार. तिला कुठून तरी कळलंय.

“मॅडम,” ती म्हणाली, “आता बी.ए. करायचंच हाय तर नीट करते. तुमच्यासारखं व्हायचं तर काय काय करावं लागतं?”

ती थट्टा करत नव्हती. तिने वहीचं मागचं पान उघडून पेन्सिल हातात धरली होती.

“आधी एम.ए. करायचं,” मी म्हणाले. “मग सेट नाहीतर नेट परीक्षा. मग पीएचडी.”

तिने खाली खाली एकेक लिहिलं. सेटचं पूर्ण नाव विचारून घेतलं.

“मग नोकरी लागते ना मॅडम?”

“लागते,” मी म्हणाले, आणि तिने तेही लिहून घेतलं.